शेवटचे तीनशे फूट

“हेच माझे डोहाळे आहेत अम्मा, दुसरं काही नको,” विमला म्हणाली आणि मी पुढे केलेली चिरोट्यांची ताटली तिने मागे सारली.

“सिनेमाचे कुठे डोहाळे असतात गं? चिंच माग, कैरी माग. गच्चीवर चांदण्यात पान वाढते तुझं. सिनेमा म्हणे!”

“मनात येतील ते डोहाळे. आणि बोलून दाखवले की पुरवावे लागतात, नाही तर बाळाचा कान फुटतो. तूच सांगत फिरतेस ना सगळ्या बळेपेटेतल्या बायकांना?”

घ्या! माझंच बोलणं माझ्या गळ्यात आलं. मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीला टेकून कॉफी पीत होते, एक वाजता थिएटरला निघायचे होते. त्यांनी पेल्यातून डोकं वर काढलं नाही.

“अण्णा, तुम्ही सांगा ना हिला,” विमला म्हणाली. “तुमच्याच थिएटरात लागलंय. तीन आठवडे झाले, सगळी गल्ली बघून आली. हरवलेलं मूल आईला सापडतं म्हणे. मला तेवढंच बघायचंय.”

“स्वल्प थांब पुट्टी,” हे लाडाने म्हणाले. “बघू.” आणि टोपी घालून निघून गेले.

मूल सापडतं, एवढंच तिला ठाऊक होतं. पुढचं तिला कुणीही सांगितलं नव्हतं, कारण गरोदर बाईच्या कानावर तसलं काही घालत नाहीत. आमची गल्ली एरवी कुणाच्या घरात काय शिजलं ते गावभर सांगणारी, पण या बाबतीत एकेकीने तोंडाला कुलूप लावलं होतं. पुढचं असं होतं की सापडलेलं मूल पुन्हा हातातून जातं. आणि तिथेच चित्र थांबतं.

त्या चित्राचं नाव मी घेणार नाही. छप्पन सालचं कन्नड चित्र होतं, तीन भागांत काढायचं हे आधीपासून ठरवून काढलेलं. पहिला भाग या वर्षी, दुसरा पुढच्या, तिसरा त्याच्या पुढच्या. एका नावाड्याच्या बायकोचं मूल पुरात वाहून जातं, ती गावोगाव त्याला शोधत हिंडते, आणि अडीच तासांनी एका देवळाच्या पायऱ्यांवर, फुलं विकणाऱ्या म्हातारीच्या मांडीवर ते तिला सापडतं. बाया रडायच्या, पुरुष शिट्ट्या मारायचे. मग साडेतीन मिनिटांत ते मूल नदीत पडतं, आणि पाण्यावर अक्षरं येतात, ‘मुंदुवरियुवुदु’. म्हणजे पुढे चालू. दिवे लागतात, पंखे बंद होतात, चला घरी.

ते चित्र लागलं त्या थिएटरात आमचे हे ऑपरेटर. हयवदनराव नाव, पण थिएटरात सगळे ‘राव’च म्हणायचे. बंगळूरला आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी आलं, फौजेबरोबर, पण आमच्या हातात तलवार नव्हती, पोथी होती. सासरे पुराणिक, त्यांचे वडील पुराणिक. आणि यांनी धरली सिनेमाची रिळं! सासऱ्यांनी दोन वर्षं यांच्याशी बोलणं टाकलं होतं. नंतर म्हातारा स्वतःच एकदा एक पौराणिक चित्र बघून आला आणि म्हणाला, “तूही पुराणच सांगतोस रे, फक्त तुझा आवाज मोठा आहे.” त्या दिवसापासून बापलेकांचं जमलं.

घरात एकादशीला पोथी वाचायचं काम यांच्याकडेच राहिलं. आणि पोथी वाचायचा एक नियम असतो. वाईट जागेवर थांबायचं नाही. सीता पळवून नेली, पोथी मिटली, चला जेवायला, असं चालत नाही. पुढे वाचत जायचं, काही शुभ आलं की मगच मिटायची. रामाच्या वनवासाला एकदा हे असे अडकले की शुभ काही येईचना. भाताची खीर झाली, पाहुणे जांभया द्यायला लागले, माझा जीव वरखाली. शेवटी चित्रकूटाचं वर्णन आलं, फुलं बिलं, तेव्हा यांनी ओळीवर तुळशीचं पान ठेवलं. मी म्हटलं, “अहो, दोन पानं गाळली असती तर देव काही कोर्टात गेला नसता.” तर म्हणाले, “गाळायचं नसतं. पोचवायचं असतं.”

म्हणून त्या चित्राचा पहिला खेळ करून आले त्या दिवशी जेवलेच नाहीत. चित्र बघताना ऑपरेटर पडद्याकडे बघतो असं लोकांना वाटतं. यांना केबिनच्या चौकोनी खिडकीतून बायकांच्या बाकांकडे बघायची सवय. “पायऱ्या उतरताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं गं,” मला म्हणाले. “मयताहून आल्यासारख्या.”

त्याच आठवड्यात पद्माकर आमच्याकडे जेवायला आला. चित्र वाटणाऱ्या कंपनीचा माणूस, पेट्यांबरोबर मद्रासहून आलेला. पेट्या सांभाळायच्या, गर्दी मोजायची, असलं त्याचं काम. मूळचा दादरचा, महिनाभर मराठी जेवण मिळालं नाही म्हणून यांनी बोलावून आणला. आमच्या केळीच्या पानावर बसून, तिसऱ्यांदा सार मागून घेऊन, चित्र अर्ध्यावर का सोडलं ते आम्हालाच शिकवायला लागला.

“अहो वहिनी, भूक राहिली तरच गिऱ्हाईक परत येतं!”

“खाणावळीत माणूस दुसऱ्या दिवशी परत जातो, तो आदल्या दिवशी पोट भरलं म्हणून जातो,” हे म्हणाले. “उपाशी उठवलं तर कोण जाईल?”

“खाणावळ वेगळी, गोष्ट वेगळी. गोष्ट संपली की माणूस सुटला, राव. मला त्याला सुटू द्यायचाच नाही. वर्षभर माझ्या मुठीत पाहिजे तो.”

“म्हणजे वर्षभर ती बाई पाण्यात हात घालून बसणार.”

“सिनेमातली बाई हो ती!”

“बाकांवर बसलेल्या सिनेमातल्या नाहीत.” यांचा आवाज चढत नसे, पण घास हातातच राहिला होता. “तीन भाग करा, दहा करा. मी कुठे नको म्हणतो? रामायणाचीही कांडं आहेत. पण एका कांडाला त्याचं त्याचं काही पुरं होऊ द्या. एक पंगत उठली की दुसरी मांडा. जेवत्या माणसाला पानावरून उठवत नाहीत आमच्यात.”

पद्माकर हसला. वाईट माणूस नव्हता तो, बोटं चाटून जेवला आणि मला नमस्कार करून गेला. जाताना म्हणाला, “हयवदनराव, तुमचं काम मशीन चालवायचं. गोष्ट आमची.”

“सरी,” हे म्हणाले. बरोबर आहे, अशा अर्थाने. आणि त्यांना ते खरंच बरोबर वाटलं होतं. एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाच्या चित्राचा एक तुकडा इकडचा तिकडे केला नव्हता. फिल्म तुटली तर दोन चौकटींच्या वर जाऊ न देता जोडायचे आणि त्या दोन चौकटींबद्दल दिवसभर हळहळायचे.

विमला आली ती यानंतर. आमची एकुलती एक. हुबळीला दिलेली, जावई बिंदुमाधव रेल्वेच्या कचेरीत. पहिलं चौथ्या महिन्यात गेलं, दुसरं सातव्यात. हे तिसरं. आठवा लागल्यावर बाळंतपणाला घरी आणली तेव्हा गाडीतून उतरताना तिने पोटावर दोन्ही हात असे धरले होते की मला तिच्या हातातली पिशवी घ्यायचंही सुचलं नाही. तिला रात्री झोप लागत नसे. पोर हललं की दचकायची, नाही हललं की त्याहून दचकायची. हसणं विसरली होती पोरगी. आणि तिच्या तोंडून दोन आठवड्यांत पहिल्यांदा काही ‘हवं’ असं निघालं होतं, तर ते हे!

नेऊ नये तर डोहाळे मोडले. न्यावं तर आठव्या महिन्यात तिला आईच्या हातून पोर जाताना दाखवायचं. सांगा, काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मागच्या दारी हात धूत होते. मी तांब्या ओतत म्हटलं, “ते शेवटचं तेवढं काढता यायचं नाही का? एका खेळापुरतं?”

हे माझ्याकडे बघतच राहिले. “दुसऱ्याची गोष्ट आहे ती, वसुमती.”

“आणि मुलगी आपली आहे.”

“पोथीचं पान फाडायला सांगतेस तू मला.”

“फाडू नका. एक दिवस झाकून ठेवा. कुणाला कळतंय बुधवारी दुपारी? मूल सापडलं, आईने उराशी धरलं, संपलं. तुम्हीच म्हणत होतात ना, तिथेच संपवायला हवं होतं?”

हे बराच वेळ हात धूत राहिले. पाणी संपलं तरी हात तसेच पुढे. मला कळलं की हे करणार, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

बुधवारी सकाळीच थिएटरला गेले. तिथे एका पत्र्याच्या डब्यात जुन्या चित्रांचे तुटके तुकडे असत. त्यात एका पौराणिक चित्राची शेपटी होती, वेलबुट्टीच्या चौकटीत ‘शुभम्’ लिहिलेली. आपल्याकडच्या चित्रांच्या शेवटी येतं ना, तेच. यांनी शेवटच्या रिळातला नदीचा भाग कापून बाजूला गुंडाळला आणि मिठीच्या पुढे ते ‘शुभम्’ जोडलं.

मॅटिनीला मी आणि विमला कडेच्या दोन जागांवर बसलो, दाराजवळ. चित्र मी पाहिलंच नाही. मी विमलेकडे बघत होते. मध्यंतरापासून ती माझं मनगट आवळून होती. बांगडीचे वळ उठले. मग ती पायऱ्यांची जागा आली. म्हातारीच्या मांडीवरचं मूल मान वळवतं आणि आईला बघून हात पुढे करतं. विमलेची मूठ सुटली. ती रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम. आईने मुलाला उराशी धरलं आणि पडद्यावर वेलबुट्टी आली. शुभम्.

थिएटरात क्षणभर कुणाला काही उमगेना. अर्धे लोक ते नदीचं रडणं पुन्हा रडायला म्हणून दुसऱ्यांदा आलेले! दिवे लागायच्या आत मी विमलेला उठवलं, दाराबाहेर काढलं आणि समोर उभ्या केलेल्या जटक्यात बसवलं. घोडा निघाला तेव्हा आतून आरडाओरडा सुरू झाला, बाकं आपटल्याचे आवाज यायला लागले.

“ओरडतात कशाला गं?” विमलेने विचारलं.

“एवढ्यात संपलं म्हणून.”

“हावरे मेले,” विमला म्हणाली. “याच्याहून आणखी काय पाहिजे त्यांना?” मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, “अम्मा, माझंही राहणार या खेपेला. मला कळलंय आता.” त्या रात्री ती गाढ झोपली.

पद्माकर त्या दिवशी थिएटरातच होता. वर केबिनमध्ये गेला, रीळ उलटं फिरवून पाहिलं. कापलेलं टेबलावरच होतं, यांनी लपवलंही नव्हतं. पुढचं मला थिएटरच्या मालकांनीच सांगितलं, मल्लाप्पांनी. ते बेळगावकडचे, घरी मराठी बोलणारे. आमच्या दारात उभे राहून सांगताना त्यांचे डोळे भरले होते.

“काय सांगू वहिनी! मी म्हटलो, राव, काय करून ठेवलासा हे? एकोणीस वर्षांत एक चौकट हिकडची तिकडं केला नाहीसा! कोण सांगितलं तुम्हास्नी? तर म्हणतात, कुणी नाही. मी म्हटलो, दोन ओळी लिवून द्या, मशीनमधी फिल्म तुटली म्हणून. मी त्या मद्रासवाल्याचं बघून घेतो. तर म्हणतात, तुटली नव्हती, मी कापली. आता काय करू मी? कंपनीवाला म्हणतोय, ह्यो माणूस केबिनमधी दिसला तर दुसरा भाग तुम्हाला न्हाई. वर्षाची आशा त्याच्यावर हाय की ओ माझी. माझ्या हातात काय नाही.”

‘कुणी नाही,’ असं म्हणाले होते हे. मी ते ऐकलं आणि मल्लाप्पांना कॉफी विचारली. खरं तर तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की मी सांगितलं, बाईमाणसाचं काळीज, एवढ्या वेळेला सोडा. नाही सांगितलं.

विमलेला आम्ही सांगितलं की अण्णांनी बाळंतपणासाठी रजा काढलीय. ती हरखली. हे घरी बसून पाळण्याच्या दोऱ्या वळायला लागले. संध्याकाळी पहिल्या खेळाची वेळ झाली की उठून दारापर्यंत जायचे आणि परत येऊन बसायचे.

महिना बरा गेला. विमला खायला लागली, झोपायला लागली, गालावर रंग आला. मी मनात म्हणत होते, नोकरी गेली तर गेली, पोरगी तर सावरली. नववा भरत आला होता. शनिवारी दुपारी केस विंचरताना ती सहज म्हणाली, “अम्मा, गुरुवारपासून बाळ हललं नाही गं.”

मी फणी तशीच केसांत सोडून तिच्यासमोर आले. “गुरुवारपासून? आणि आज सांगतेस?”

“झोपलं असेल. पूर्वी मी उगाच घाबरायची. आता नाही घाबरत.” आणि माझं तोंड बघून मलाच धीर द्यायला लागली, “अगं, काही होणार नाही. तिला नाही का सापडलं?”

दवाखान्यात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावली, पुन्हा लावली, जागा बदलून लावली. पहाटे झालं ते रडलं नाही; मुलगी होती. केस होते डोक्यावर दाट. मी बाहेर येऊन बाईंना विचारलं, गुरुवारी आणली असती तर? त्या कागदावर लिहीत होत्या. लिहीत लिहीतच म्हणाल्या, “सांगता येत नाही. तेव्हाही उशीर झालेला असेल, नसेलही. सांगता येत नाही, अम्मा.” बरं, नाही सांगता येत. मग मी तरी काय करावं त्या दोन दिवसांचं? आजपर्यंत मला कळलेलं नाही.

विमला रडली नाही. दवाखान्यात नाही, घरी नाही, बिंदुमाधव आला तेव्हा नाही, गेला तेव्हा नाही. दूध आलं, ते आटवायला मी मोगऱ्याच्या कळ्या बांधल्या, तेव्हाही छताकडे बघत पडून राहिली. ‘प्रकृती सांभाळ, मग सावकाश ये’ अशी हुबळीची पत्रं यायची. ती वाचायची आणि घडी घालून ठेवायची. विचारलं तर उत्तर द्यायची, वाढलं तर जेवायची. बायका म्हणाल्या, एकदा रडली की सुटेल. रडवायला किती युक्त्या केल्या! मीच रडून मोकळी व्हायचे आणि ती मला पाणी आणून द्यायची.

हे चिकपेटेत एका सायकलच्या दुकानात चाकं सरळ करायला बसू लागले होते. हात तयारीचा, त्यामुळे ते जमलं. पण एकादशीला पोथी काढली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “नको. पोचवता येत नाही मला आता.”

संक्रांतीच्या सुमाराला दुसरा भाग लागला. भिंतीभिंतीवर कागद चिकटले. आम्ही विमलेला त्या रस्त्याने नेत नव्हतो, पण घरात बातमी आली ती आमच्या शेजारणीच्या तोंडून. चंपा तिचं नाव, निपाणीकडची, मनाने निर्मळ. रविवारी दुपारी आमच्या पडवीत माझ्याबरोबर अवऱ्याच्या शेंगा सोलत बसली होती. विमला खांबाला टेकून, आणि हे पलीकडे चष्मा पुसत.

“विमलाक्का, दुसरा भाग आलाय की गं,” चंपा म्हणाली. “जाऊया काय? त्या पोराचं काय झालं बघूया. दोर तुटून बुडालं की ते, तवापास्नं जीव टांगणीला लागलाय माझा.”

आता विमलेपासून काही लपवायचं कारणच कुणाला उरलं नव्हतं.

“बुडालं?” विमला म्हणाली. “ते सापडलं ना? पायऱ्यांवर?”

“सापडलं, मग परत बुडालं न्हाई का? तिथंच तर संपलं.” चंपाने माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात काहीतरी आलं. “दूध ठेवलंय चुलीवर,” म्हणून उठून गेली.

विमला टेकणं सोडून सरळ बसली. मग म्हणाली, “अण्णा, तुमची नोकरी याच्यासाठी गेली?”

“हो.”

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला असं करायला?”

“कोण सांगणार? माझीच बुद्धी फिरली.”

मी शेंग सोलत राहिले. दाणे सालात आणि सालं दाण्यात पडत होती. सांगणारी मी होते. आज इतक्या वर्षांनी तुम्हाला सांगते आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.

मला वाटलं, आता ती बापाला बोलेल. बोलायला हवं होतं तिने. तुमच्यामुळे मी निर्धास्त राहिले, तुमच्यामुळे दोन दिवस गप्प बसले, असं म्हणाली असती तर ते खोटं नव्हतं. पण ती यांच्याकडे वळून बसली आणि म्हणाली, “काय होतं तिथे? जसं होतं तसं सांगा.”

“नको, पुट्टी.”

“जसं होतं तसं, अण्णा.”

यांनी चष्मा घातला. समोर काही नव्हतं वाचायला, तरी घातला.

“ती त्याला उराशी धरते, तिथपर्यंत तू पाहिलंस. त्याच्यापुढे तीनशे बारा फूट होते. साडेतीन मिनिटं. संध्याकाळ झालेली असते. तिथल्या घाटावरचा नावाडी म्हणतो, आता पाणी चढलंय, सकाळी सोडतो. ती म्हणते, घरी जाऊन दिवा लावायचाय. वाटोळी नाव असते, टोपल्यासारखी. अलीकडून पलीकडे दोर बांधलेला, त्याला धरून नाव जाते. मूल तिच्या मांडीवर झोपलेलं, तिच्या पदराचं टोक मुठीत धरून. मधोमध गेल्यावर दोर तुटतो. नाव गिरकी घेते. एकदा. दोनदा. ती एका हाताने काठ धरते, एक हात मुलावर. तिसऱ्या गिरकीला...”

थांबले.

“वाचा,” विमला म्हणाली.

“तिसऱ्या गिरकीला पदर फाटतो. टोक त्याच्या मुठीत तसंच, आणि मूल जातं.”

“ओरडते ती?”

“नाही. तोंड उघडते. पण तिथे आवाज ठेवलेला नाही. वाजंत्रीही बंद. नुसतं पाणी ऐकू येतं.”

“मग?”

“मग तिचा हात पाण्यावरून फिरतो. भाकरी थापल्यासारखा, उघडा हात. शोधत नाही ती. नुसता फिरतो.”

“मग?”

“मग पुढे चालू, असं येतं.”

“पुढे काय होतं, अण्णा?”

“पुढे मला माहीत नाही, पुट्टी.”

माझ्याने राहवलं नाही. या भागात सापडत असेल की, असं काहीतरी म्हणायला मी तोंड उघडलं, तर यांनी माझ्याकडे न बघता हात वर करून मला थांबवलं. विमलेच्या घशातून एक आवाज निघाला, मग दुसरा, आणि मग ती खांबाला कव घालून मोठमोठ्याने रडायला लागली. गल्लीतली दारं उघडली. मी उठायला गेले तर यांनी हातानेच बसवलं. हे तिच्याजवळ सरकले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. होईल सगळं नीट, असं एकदाही म्हणाले नाहीत.